साडेचार लिटर

अरिंजय दोशी हैदराबादला गेला
तेव्हा खोलीत त्याच्या तीन गोष्टी उरल्या:
चटईची सुरळी, एक न उघडलेलं खोकं,
आणि दारात चपला घालताना विचारलेला प्रश्न,
"यीस्ट मरतं का रे शेवटी?"

फलटणच्या जैन घरातलं पोर,
कांदा खाताना अजून मागे वळून बघणारं.
बिअरचं सामान मागवलं हौसेनं,
धाडस काही त्या पार्सलातून आलं नाही.

खोक्यात काचेची बरणी, भरडलेलं जव,
हॉप्सची पुडी, वास संत्र्याच्या साली
आणि कडुनिंबाच्या मधे कुठेतरी,
आणि यीस्ट, चिमूटभर, औषधासारखं.
नळी आखूड होती. बोहरी आळीत गेलो.
"कशाला हवी?"
"माशांच्या टाकीला."
"मासे किती?"
म्हटलं, अजून मोजले नाहीत.

पत्रकात होतं: सगळं निर्जंतुक करा.
मी ऑपरेशनला निघाल्यासारखे कोपरापर्यंत हात धुतले
आणि त्याच हातांनी आईचा फोन उचलला.
काय करतोयस? स्वयंपाक.
तसं खोटं नव्हतं.
परत हात धुतले.

मग तासभर पातेल्यापाशी उभा.
पासष्टच्या खाली नको, सत्तरच्या वर नको.
आमच्या घरात वाढलेल्या माणसाला
अंदाज सोडून दुसरं माप माहीत नाही,
आणि इथे मी एका डिग्रीसाठी
गॅसच्या बटणाशी गयावया करतोय.

कर्वेनगरात, तिसऱ्या मजल्यावर,
जिन्यापर्यंत वास गेला.
कलावतीबाई पोळ्यांना आल्या, म्हणाल्या,
"सातू भाजलंत होय?"

दोन दिवस काही नाही.
खडकवासल्याचं पाणी, ऑक्टोबरची काहिली,
बरणी आपली गढूळ, गप्प.
बाईंनी पिठाचा हात पुसून तिच्या पोटाला लावला.
"ताप आहे हिला."
परातीत पाणी, बरणीला ओला टॉवेल,
वर टेबलफॅन. आत काय आहे
ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
"उकाड्यात पीठ आणि पोर,
दोन्हींकडे बघावं लागतं."

त्या रात्री पहिला बुडबुडा.
बुडुक.
मग बराच वेळ काही नाही. मग बुडुक.
पहाटेपर्यंत मिनिटाला अठरा.
दोघांच्या खोलीत एकटं झोपायला लागल्यापासून
पहिल्यांदाच कोणीतरी
अंधारात काहीबाही बोलत होतं.

बाटल्या भरताना साखर अर्धा चमचा, सपाट.
पण आमच्याकडे आमटीलासुद्धा
त्याहून जास्त लागते.
घातली थोडी वर.

पावणेतीनला स्फोट.
तेरातल्या दोन गेल्या, छताला फेस.
खालचे रिसबूड माकडटोपी घालून दारात.
"सिलिंडर?"
"नाही. बाटली."
त्यांनी हवा हुंगली. काचा बघितल्या.
मला वाटलं, आता सोसायटीची मीटिंग.
"उरल्या किती?" म्हणाले.

डिसेंबरात गच्चीवर दोघं,
स्टीलच्या पेल्यांतून.
चव? थोडी आंबट, थोडी ओल्या पुठ्ठ्याची,
आणि घोट गेल्यावर मागे
काहीतरी कडू, चांगलं, माझं.
रिसबूड म्हणाले, "वाईट नाही."
मग बऱ्याच वेळाने, "चांगली पण नाही हो."
आणि पेला पुढे केला.

बरणीच्या तळाशी फिकट साय बसली होती
ती मी टाकली नव्हती.
अरिंजयला लिहायला घेतलं:
सगळं नाही मरत. पोटभर झालं की
खाली जाऊन पडतं, थंडीत
ऐकू न येण्याइतकं जगतं.
वाचून बघितलं. पुसलं.
त्याऐवजी विचारलं, तिकडे जेवणाचं कसं?

ती साय आता फ्रिजमध्ये आहे,
विरजणाच्या वाटीशेजारी, छोट्या बरणीत.
थंडी आहे तोवर दुसरी खेप लावीन म्हणतो.
वर चिठ्ठी चिकटवलीय मोठ्या अक्षरात:
बाई, हे दही नाही.